पाच वजनं आणि भागीरथी

२ जून १९६१

साबणाच्या एजंटाने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी गल्ल्याखाली धूळ खात पडली होती. फुकटची असली तरी वस्तू वाया जाऊ देणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून आजपासून लिहितो.

मी कोंडू. आटगाव स्टेशनावर गवताच्या गासड्या पाठीवर वाहायचो तो कोंडू. आता म्हसा गावच्या बाजारात किराणा आणि गुळाचं दुकान आहे, म्हणून कोंडूशेट. मधल्या काळात एवढंच झालं की एका गवतवाल्याचं बस्तान मोडलं आणि त्याचा मोठा काटा मी घेतला. दोन पारडी, एकेकात माणूस मांडी घालून बसेल एवढी. दुकानासमोरच्या चिंचेला टांगलाय. मी गिऱ्हाइकाला गोड बोलून चार वस्तू जास्त विकेन, पण माझ्या काट्याला पाप नाही. आणि काट्याच्या दांडीला हात लावून बोललेला शब्द मी फिरवत नाही. गवताच्या धंद्यात हीच रीत होती. कागद कुणाला वाचता येत होता?

सरकारने शेर-मण बंद केले, म्हणून आज कल्याणहून किलोची वजनं आली. दहा-दहा किलोची पाच, शिवाय धाकटी. मोठ्या वेळेवर आली. गेल्या जत्रेत गावातल्या तिघी बायांनी म्हसोबाला नवस बोललाय, पोरगा चौथी पास झाला तर माझ्या भारंभार गूळ वाहीन. पाटलाची ठकूबाई, शिंप्याची यमू आणि हॉटेलवाल्याची लहानी. लहानीचं नावच तेवढं लहान. तिघींच्या पोरांनी चौथीत घर बांधल्यासारखा मुक्काम ठोकला होता. नवे गुरुजी आले नि तिघं एकदम पास! देव बायांना पावला, आणि बायांमार्फत मला, कारण म्हशात ढेपी ठेवणारा मी एकटा. पौषातल्या जत्रेत तिघींची तुला व्हायची. तिघींकडे एक नजर टाकून मी आजच गूळ सांगून ठेवला. कंजूषपणा केला नाही.

नवी वजनं बघायला ओट्यावर गर्दी होती. तेवढ्यात भागीरथीने तोंड उघडलं. आमची पोर जया औंदा सातवीत. पुढं आठवीला शहापूरला तिच्या मामाकडं ठेवून शिकवायची म्हणते. मी म्हटलं, "पोरीला हिशेब येतो, वाचता येतं, आणखी काय जज्ज करायचीय?" ती हटेना. मग मला लहर आली. एका पारड्यात पाचही वजनं ठेवली आणि म्हटलं, "बस गो दुसऱ्यात." माझी बायको म्हणजे वाळकी शेवग्याची शेंग. बसली नि पारडं अस्सं वर गेलं की पाय लोंबायला लागले! एक वजन काढलं तेव्हा कुठं बरोबरीला आली. लोक पोट धरून हसले. मी दांडीला हात लावून म्हटलं, "ज्या दिशी तू ही पाच वजनं उचलशील, त्या दिशी पोरीला शहापूरला धाडतो!"

सगळे पांगल्यावर तिने हळूच विचारलं, "अवो, हात दांडीला होता ना तुमचा?"

म्हटलं, होता. बायका कधी काय विचारतील सांगता येत नाही.

१९ जून

माझ्या दुकानाच्या मागे कुडाची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे आमची पडवी. तिथं दुपारी बाया तांदूळ निवडायला जमतात. मी गोणीला टेकून डोळे मिटले की लोकांना वाटतं शेट झोपला. शेटचे कान कधी झोपत नाहीत.

ठकूबाई म्हणत होती, "माझ्या येवढ्या ढेपीच्या ढेपी जाणार. पाटील म्हणतात, देवाला नवस बोलताना आरशात तरी बघायचं!"

यमू म्हणाली, "मंग जत्रेपर्यंत हलकं व्हायचं. देवानं कुठं सांगितलंय की आजचंच वजन पायजे?"

लहानी म्हणाली, "पण मी तर कायच खात नाय गो! पोराला शाळेत डबा देते. अर्धा तसाच परत येतो. टाकवत नाय, म्हणून मी खाते. सकाळी पोरासंगं खायचं, दुपारी धन्यासंगं, शाळा सुटल्यावर डब्यासंगं."

"माझंपण तसंच," ठकूबाई म्हणाली. "पोरगं शाळेत जायला लागल्यापास्नं मी अशी झालेय. त्याला अक्षर चढंना, मला मांस चढलं."

तिघी खिदळल्या. मग ठरलं. उरलेला डबा खायचा नाही, पाणी नदीवरून स्वतः आणायचं, गोडाला हात लावायचा नाही. भागीरथी मध्ये काही बोलली, पण तिचा आवाज बारीक, ऐकू आलं नाही. त्यावर तिघी मात्र अशा हसल्या की पत्र्यावरचा कावळा उडाला.

माझ्या गुळाचं काय?

२१ जून

उपाय सापडला. दुकानात तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, गूळ तर आहेच. भागीरथीला सांगितलं, "रोज दुपारी बाया येतात, त्यांच्यापुढं लाडू ठेवत जा. पाहुणचारात आपण कमी पडायचं नाय." थोडे लाडू गेले तरी चालतील. बी टाकल्याशिवाय भात येत नाही.

मला वाटलं, ही खळखळ करील. पण म्हणाली, "तुमी म्हणाल तसं. तूप घालू का थोडं?"

मी म्हटलं, भरपूर घाल. एवढी आज्ञाधारक बायको पंचक्रोशीत दुसरी नसेल.

१६ जुलै

आवणी चालू आहे. पाटलीण ठकूबाई गुडघाभर चिखलात उतरून स्वतः भात लावते आहे! जन्मात बांधावरून खाली पाय ठेवला नव्हता. मजूर बाया तिला चिडवतात, "पाटलीणबाय, रोप सरळ लावा, नायतर जत्रेतली तुला वाकडी होईल." पाटील बांधावर छत्री घेऊन उभा. मला बघून म्हणाला, "कोंडूशेट, तुमच्या काट्यानं माझी बायको बिघडवली."

मी हसलो. मनात म्हटलं, तुझी बायको बिघडली नाही रे, माझा धंदा बिघडतोय. घरी जाऊन लाडवाचा आकार वाढवायला सांगितला.

१४ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. तिघी उपाशी राहणार म्हणून सकाळी मी उदास होतो. दुपारी भिंतीपलीकडे साबुदाणा, शेंगदाणे, रताळ्याच्या फोडी, वर केळी! ज्याने उपास काढला त्या माणसाला माझा नमस्कार. एका जेवणाला बंदी घालून तीन जेवणं चालू केली. साबुदाण्याचं पोतं मी भागीरथीच्या स्वाधीन केलंय.

जया हल्ली शाळेतून चार-चार डबे घेऊन येते. तिचा एक आणि त्या तीन पोरांचे तीन. विचारलं तर म्हणाली, "आईनं सांगितलंय." पोरगी घासायला आणत असावी. तिघींनी आपल्या घरची भांडी आमच्याकडं घासायला धाडायची म्हणजे फारच झालं. पण गिऱ्हाईक आहे, बोलून चालत नाही.

२० सप्टेंबर

कासार येऊन गेला. भागीरथीच्या हाताला जुन्या मापाच्या बांगड्या जाईनात. दोन फुटल्या. त्याने वरचं माप काढलं. यमूचा नवरा शिंपी भागीरथीच्या चोळ्या उसवून सैल करून देतो, आणि पैसे घेत नाही. मी दोनदा विचारलं, तर म्हणाला, "राहू द्या शेट, घरचंच काम आहे." माणूस भला आहे.

बाजारात लोक म्हणतात, "शेट, धंदा बरा दिसतोय, बायको सुधारली." ऐकायला बरं वाटतं. नवऱ्याची बरकत आधी बायकोच्या अंगावर दिसते, मग घरावर कौलं चढतात. पंधरा वर्षं ही काडीसारखी होती, तेव्हा आत कुठंतरी मला लाज वाटायची. आता चालताना जमीन वाजते. मी भिंतीआडून पावलावरून माणूस ओळखतो, पण परवा हिचं पाऊल ऐकून मला वाटलं ठकूबाई आली. आणि ठकूबाईचं पाऊल तर ऐकूच आलं नाही.

हे लिहिताना थोडा घोटाळा वाटतोय. उद्या विचार करीन.

११ नोव्हेंबर

विचार करायला आज सवड मिळाली. दिवाळीचं फराळ तिघींकडे मोठ्या ताटांतून धाडलं होतं. ताटं रिकामी परत आली. मी खूश. मग ठकूबाई स्वतः दुकानात आली तर मी ओळखलंच नाही! गालाची हाडं दिसतात. नऊवारीचे दोन वेढे जास्त बसतात. "काय शेट, गूळ महागला काय?" असं विचारून हसत गेली.

मग फराळ गेलं कुठं? घरात गेलो तर भागीरथी चुलीपुढं बसून करंजी खात होती. समोर अजून चार.

म्हटलं, "अगो, हे तर पाहुण्यांचं!"

"वाढणारीनं उपाशी मरायचं काय?" ती म्हणाली. तोंड भरलेलं होतं म्हणून पुढचं कळलं नाही.

बायकांची ही खोडच असते, उरलंसुरलं पोटात टाकायचं. पण एकंदरीत माझी योजना फसते आहे हे कबूल केलं पाहिजे. खर्च होतोय आणि वजन भलतीकडेच चाललंय.

२८ डिसेंबर

तिघी एकत्र दुकानात आल्या. यमू पुढारी. म्हणाली, "शेट, तुलेच्या दिशी अंगावरच्या चांदीचं वजन वजा करायचं. कमरपट्टा, गोठ, तोडे. आमी नवस अंगाचा बोललोय, चांदीचा नाय."

मी म्हटलं, वा! पाटलिणीचा कमरपट्टा म्हणजे बैलाच्या गळ्यातली साखळी. तो वजा केला तर राहिलं काय? गेलो चिंचेखाली, दांडीला हात लावला आणि मोठ्याने म्हणालो, "ऐका. पारड्यात जे बसंल ते वजन. वजाबाकी नाय! नको असंल तर चांदी काढून घरी ठेवा."

मला ठाऊक आहे, जत्रेच्या दिवशी चांदी काढून हिंडणारी बाई अजून जन्मायची आहे. तिघींची तोंडं उतरली. भागीरथी दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "जे बसंल ते? कुणाच्यापण पारड्यात?"

"कुणाच्यापण," मी म्हटलं. "माझा काटा पाटील बघत नाय नि भिकारी बघत नाय."

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

८ जानेवारी १९६२

नवी डायरी मिळाली नाही, एजंट बदलला. जुन्या डायरीच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर लिहितोय.

गावभर अष्टग्रहीची बोंब आहे. फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीला येणार आणि जग बुडणार. तानशाचं धरण फुटणार म्हणून एकाने मला शपथेवर सांगितलं. लहानीने तर उपास सोडला. "बुडायचंच हाय तर उपाशी कशाला बुडू?" म्हणत नवऱ्याच्या कढईपाशी बसून भजी खाते. मी रोज सकाळी हॉटेलात जाऊन तिला अष्टग्रहीची ताजी बातमी देतो.

दुसरं म्हणजे, मुरबाडच्या भातगिरणीवाल्याकडून जयासाठी विचारणा आलीय. मुलगा गिरणीतच बसतो. जत्रेला येतील तेव्हा पोरगी बघतील, आवडली तर सुपारी फोडून ठेवू, लग्न दोन वर्षांनी. हमालाची पोर गिरणीवाल्याची सून! जयाला सांगितलं तर ती पुस्तक घेऊन माळ्यावर गेली. भागीरथीला सांगितलं तर तिने तांदळाची भाकरी कुस्करली, वर दूध-गूळ घातला आणि खात सुटली. डोळ्यांतून पाणी येत होतं. आनंदाने म्हणावं तर चेहरा तसा नव्हता. "पुरे गो, दुखेल पोट," मी म्हटलं. म्हणाली, "दुखू दे."

१७ जानेवारी

जत्रेचे तंबू पडायला लागले. घोंगडीवाले आले, बैलांनी माळ भरला. मी वजनं घासूनपुसून ठेवली, तर दोन किलोचं वजन सापडत नाही. भागीरथीला विचारलं. "उंदरानं नेलं असंल," म्हणाली. लोखंड खाणारा उंदीर म्हशात अजून तरी नव्हता.

२१ जानेवारी

काल पौर्णिमा होती, तुला झाल्या. आज सगळं क्रमाने लिहितो.

चिंचेभोवती मुंगीला वाट नव्हती. गुरुजी शाळेची सगळी पोरं घेऊन आलेले, कारण तुलेचा गूळ पोरांना वाटायचा. मुरबाडचे गिरणीवाले खुर्च्यांवर बसलेले. आणि तिघी आल्या त्या लंकेच्या पार्वती होऊन! गळ्यात काळी पोत, हातात दोन काचेच्या बांगड्या, बस्स. सगळी चांदी फडक्यात बांधून भागीरथीच्या हाती दिली. "तूच सांभाळ गो बाय, जत्रेत चोर फार."

ठकूबाई पारड्यात बसली. मी ढेपी चढवायला लागलो. हाताला सवय जास्तीची, पण पारडं लवकरच बरोबरीला आलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. यमूचं तर त्याहून लवकर. लहानीने भज्यांची लाज राखली, पण एवढीशीच. माझ्या निम्म्या ढेपी दुकानातच राहिल्या. मी हसत होतो. गिऱ्हाइकासमोर रडायचं नसतं.

काटा उतरवणार तेवढ्यात भागीरथी पुढे आली आणि पारड्यात मांडी घालून बसली.

"हे काय?" मी म्हटलं. "तुझा कसला नवस?"

"माझा नाय, तुमचा शब्द. पाच वजनं घाला तिकडं."

तेव्हा, चारचौघांत, माझ्या डोक्यात उजेड पडला. लाडू दिसले, साबुदाण्याचं पोतं दिसलं, जयाच्या हातातले चार डबे दिसले. पोरांनी टाकलेलं, आयांनी टाकलेलं, मी दिलेलं, सगळं घास-घास करून समोर पारड्यात बसलं होतं. ठकूबाई लोकांना सांगायलाही लागली होती, "शेट म्हणाले होते, बायकोनं पाच वजनं उचलली तर जयाला शहापूरला धाडीन. हात दांडीला होता!"

वजनं ठेवली. एक, दोन, तीन, चार. भागीरथीचं पारडं जमिनीला चिकटलेलं. पाचवं ठेवलं. पारडं हललं आणि हळूहळू, वीतभर वर उचललं गेलं. गर्दीतून "अरेरे" असा आवाज आला. भागीरथीने डोळे मिटले. जया गुरुजींच्या शेजारी उभी होती. ती आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू? आणि वाटल्याबरोबर मी जयाकडची नजर काढून घेतली.

तेवढ्यात यमू ओरडली, "गो भागी, आमची चांदी कुठं ठेवलीस?"

"ही काय, चिंचेच्या मुळाशी."

"असं उघड्यावर? घे मांडीवर!" आणि तिघींनी ते गाठोडं उचलून तिच्या मांडीत टाकलं.

पारडं खाली आलं. पाच वजनं वर उठली आणि माझ्या नाकासमोर डोलायला लागली.

"हे चालायचं नाय!" मी म्हटलं. "ही चांदी तिची नव्हं!"

"पारड्यात जे बसंल ते वजन," ठकूबाई म्हणाली.

"वजाबाकी नाय," यमू म्हणाली.

"कुणाच्यापण पारड्यात," लहानी म्हणाली. गुरुजींची पोरं तर सुरात म्हणायला लागली, "वजाबाकी नाय! वजाबाकी नाय!" पाढे कधी असे म्हटले नसतील.

आता जे लिहितो ते फक्त इथंच. गाठोडं मांडीत पडलं तेव्हा त्याचा आवाज झाला. चांदी छुनकन वाजते. त्या छुनछुनीच्या पोटात एक ठक्क असा आवाज होता. लोखंडाचा. माझ्याच दुकानातल्या लोखंडाचा. जन्मभर वजनं उचललीत मी, दोन किलोचं बोलतं कसं ते मला कळतं. फडकं सोडा, एवढं म्हटलं असतं तर खेळ तिथंच संपला असता. भागीरथीलाही ते कळलं. ती माझ्या कानांकडे बघत होती.

गिरणीवाला खुर्चीतून म्हणाला, "शेट, बायकांचा पोरखेळ आहे. सोडून द्या. आपण आपलं बोलू."

त्या "सोडून द्या"ने काय झालं कोण जाणे. मी दांडीला हात लावला. म्हटलं, "काटा माझा आहे, शेट. त्यानं सांगितलं ते सांगितलं. पोरगी जूनमध्ये शहापूरला जाणार."

गिरणीवाले चहा न घेता उठले. माझ्या काट्यावर आयुष्यात पहिल्यांदा खोटं वजन चढलं आणि मी गप्प बसलो. तक्रार कुणाकडे करू? काटा माझा, वजन माझं, बायको माझी.

सकाळी दुकान उघडलं तर दोन किलोचं वजन फळीवर जागच्या जागी होतं.

मी भागीरथीला म्हटलं, "उंदीर प्रामाणिक निघाला."

"हां," ती म्हणाली. "मालकासारखा."

६ फेब्रुवारी

जग बुडालं नाही. तानशाचं धरणही जागेवर आहे. लहानी मला बघून तोंड फिरवते, म्हणते माझ्या बातम्यांनी तिचं नुकसान केलं.

पडवीत आता उलटं चाललंय. तिघी लाडू मागून खातात आणि भागीरथी ताक पिऊन बसते. म्हणते, चढताना धाप लागते, आता उतरायचं. नदीचं पाणीही स्वतः आणायला लागलीय. जयाचा डबा अजून अर्धा परत येतो. टाकवत नाही, म्हणून हल्ली मी खातो. आज सदऱ्याचं खालचं बटण लागलं नाही.

जया शाळेतून आली ती चिंचेखालीच थांबली. मी गूळ जोखत होतो. म्हणाली, "बाबा, शहापूरला अकरावीपर्यंत शाळा आहे. आठवीला आईची पाच वजनं लागली. मग अकरावीपर्यंत किती लागतील?"

भिंतीपलीकडे तांदूळ निवडायचा आवाज एकदम थांबला.

मी आधी दांडीवरचा हात काढून घेतला, आणि मगच हसलो.